कॅथलिक वैयक्तिक प्रार्थनाजीवन

कॅथलिक वैयक्तिक प्रार्थनाजीवन म्हणजे प्रार्थना, पवित्र शास्त्राचे वाचन, संस्कार आणि सत्कृत्ये यांच्या योगे परमेश्वराशी असलेले आपले नाते दृढ करण्याची, आयुष्यभर चालणारी साधना होय. पवित्र मिस्सा ही संपूर्ण ख्रिस्तसभेची सार्वजनिक उपासना आहे. वैयक्तिक प्रार्थना ही त्या उपासनेची पूर्वतयारी आणि तिचे दैनंदिन जीवनातील पुढचे पाऊल मानली जाते. कॅथलिक परंपरेत हे नाते केवळ भावनेवर सोपवलेले नाही. ते थोड्या, ठराविक आणि नियमित सवयींतून वाढते आणि समाजात राहूनच परिपक्व होते, अशी तिची धारणा आहे. प्रस्तुत लेखात या साधनेचे स्वरूप, तिच्या प्रमुख पद्धती आणि अडचणी यांचा परिचय ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसराच्या संदर्भात करून दिला आहे.

संकल्पना

ख्रिस्ती श्रद्धेनुसार देव आणि मनुष्य यांच्यातील नात्याचा आरंभ मनुष्य करीत नाही. पुढाकार देवाचा असतो. मनुष्याची प्रार्थना हा त्या हाकेला दिलेला प्रतिसाद होय. म्हणून कॅथलिक शिकवणुकीत प्रार्थनेला साध्य करण्याचे कौशल्य न म्हणता कृपेचे दान म्हटले जाते. असे असले तरी दान स्वीकारण्यासाठी लागणारी तयारी, म्हणजे वेळ, शांतता, एकाग्रता आणि मनाची सचोटी, ही मनुष्याने करावयाची असते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा चौथा व अखेरचा भाग संपूर्णपणे प्रार्थनेला वाहिलेला आहे.

कार्मेल संघातील संत अविलाची तेरेसा (१५१५–१५८२) यांनी मनातल्या मनात केलेल्या प्रार्थनेचे वर्णन मैत्रीच्या संवादासारखे केले आहे. जो आपल्यावर प्रेम करतो हे ठाऊक आहे, त्याच्यासोबत वारंवार एकांतात बसणे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. आत्मचरित्रात त्यांनी साधनेची प्रगती बागेला पाणी घालण्याच्या चार रीतींनी समजावली. पहिल्या अवस्थेत विहिरीतून पाणी शेंदावे लागते व श्रम पुष्कळ पडतात. दुसरीत रहाटाने तेच काम थोड्या कष्टात होते. तिसरीत ओढ्याचे पाणी बागेत वळवले जाते. चौथीत पाऊस पडतो आणि माळ्याला काहीच करावे लागत नाही. पाऊस कधी पडेल हे माळ्याच्या हाती नसते; तोवर शेंदणे मात्र सोडावयाचे नसते. १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी तेरेसांना ख्रिस्तसभेच्या आचार्य ही पदवी दिली. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत.

ही साधना केवळ संन्यासी व धर्मगुरूंसाठी आहे, असा समज दीर्घकाळ रूढ होता. संत फ्रान्सिस दि सेल्स (१५६७–१६२२) यांनी १६०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भक्तिमार्गविषयक ग्रंथात प्रापंचिकांना समोर ठेवून लेखन केले आणि प्रत्येकाची भक्ती त्याच्या व्यवसायाला व कर्तव्यांना साजेशी असावी, असे प्रतिपादन केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात पावित्र्याचे पाचारण सर्वांनाच आहे, हे स्पष्टपणे मांडले.

ठाणे–कल्याण परिसराची पार्श्वभूमी

या परिसराचा ख्रिस्ती धर्माशी असलेला संबंध पोर्तुगीज काळाच्याही मागे जातो. सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मस याने ‘कल्लियाना’ येथे पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याचे नमूद केले आहे. अनेक अभ्यासक हे स्थान आजचे कल्याण मानतात. एप्रिल १३२१ मध्ये ठाणे येथे टोलेंटिनोचे थॉमस, पाडुआचे जेम्स व सिएनाचे पीटर हे फ्रान्सिस्कन संन्यासी आणि त्यांचे सहकारी तिफ्लिसचे डिमेट्रियस यांची हत्या झाली. त्यांचे सोबती जॉर्डनस यांनी त्यांना सोपारा येथे दफन केले. पुढे ओडोरिक या प्रवासी संन्याशाने त्यांचे अवशेष चीनमध्ये नेले. हे चौघे ‘ठाण्याचे हुतात्मे’ म्हणून ओळखले जातात.

सोळाव्या शतकात वसई, साष्टी व ठाणे हा प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला आणि येथे अनेक चर्च उभी राहिली. ठाण्यातील मासुंदा तलावाजवळचे संत जॉन द बाप्टिस्ट चर्च हे या परिसरातील जुन्या चर्चपैकी एक होय. १७३७ मध्ये ठाणे व १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकल्यानंतर पोर्तुगीज सत्तेचा आश्रय संपला. परंतु गावोगावच्या स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांनी आपली श्रद्धा टिकवून धरली. घरातील सायंप्रार्थना आणि गावठाणातील क्रुसाभोवती होणारी सामुदायिक प्रार्थना यांचा त्यात मोठा वाटा होता. या समाजाने १८८७ पासून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले. त्यांची बोली मराठीचीच एक बोली आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी भारतातील पहिली प्रवासी रेल्वे धावली आणि १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. पुढे नोकरीनिमित्त गोवा, मंगळूर, केरळ व तामिळनाडू येथून आलेली कॅथलिक कुटुंबे या मार्गालगत स्थायिक झाली. आज लॅटिन विधीचे भाविक मुंबई महाधर्मप्रांतात मोडतात. केरळमूळ असलेल्या सिरो-मलबार विधीच्या भाविकांसाठी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३० एप्रिल १९८८ रोजी कल्याण धर्मप्रांत स्थापन केला. त्यामुळे एकाच वसाहतीत काही कुटुंबे पवित्र मिस्सेला, तर काही पवित्र कुर्बान्याला जातात. दोन्ही विधी कॅथलिक ख्रिस्तसभेचेच असून पोपच्या अधिकाराखाली एकत्र आहेत.

प्रार्थनेची भाषा

परमेश्वराशी जवळीक साधण्याच्या प्रश्नात भाषेचे स्थान मध्यवर्ती आहे. कारण पाठ केलेली प्रार्थना आणि मनातून आलेली प्रार्थना यांतील अंतर बहुधा भाषेपाशीच जाणवते. मराठीत या प्रश्नाला मिळालेले सर्वांत जुने मोठे उत्तर म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांचे ख्रिस्तपुराण. हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुन्या पुराणांची सवय सुटली होती. पण तिच्या जागी वाचण्या-ऐकण्यासाठी स्वभाषेतील ग्रंथ नव्हता. ही उणीव ओळखून त्यांनी ओवी छंदात सुमारे ११,००० ओव्यांचा ग्रंथ रचला. १६१६ मध्ये राशोल येथे तो रोमन लिपीत छापला गेला. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ यासारखा श्रोत्यांच्या परिचयाचा शब्द वापरण्यास ते कचरले नाहीत. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून त्याची देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे कॅथलिक नव्हते, प्रॉटेस्टंट होते; तरी मराठी ख्रिस्ती भक्तीच्या इतिहासात त्यांचा उल्लेख अपरिहार्य आहे. त्यांचे प्राथमिक शिक्षण कल्याणमध्ये झाले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी संतवाङ्मयाच्या वळणाची ख्रिस्ती भजने व अभंग रचले. ख्रिस्ताला मायबाप, सखा, गुरू अशा आर्त नात्यांनी साद घालणे त्यांच्या पदांमुळे मराठी ख्रिस्ती माणसाला अंगवळणी पडले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी करून दिली आणि लॅटिनमधील मिस्सा मराठीतही होऊ लागली. १९०३ मध्ये अहमदनगर परिसरातील जेझुइट मिशनने सुरू केलेले ‘निरोप्या’ आणि वसईचे ‘सुवार्ता’ या मासिकांनी मराठी कॅथलिक वाचक घडवला. ‘सुवार्ता’चे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’च्या रूपाने पवित्र शास्त्र आजच्या मराठीत आणले. २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

ठाणे–डोंबिवली परिसरातील अनेक कुटुंबांत आज आजी-आजोबा एका भाषेत, आईवडील दुसऱ्या भाषेत आणि इंग्रजी माध्यमात शिकणारी मुले तिसऱ्या भाषेत प्रार्थना करतात. धर्मशिक्षणाची भाषा इंग्रजी आणि दुःखाच्या क्षणी तोंडी येणारी भाषा मराठी किंवा कोकणी, असे घडणे येथे नवलाचे नाही. सार्वजनिक उपासना कोणत्याही भाषेत असली, तरी एकांतातील प्रार्थनेला कोणत्याही भाषेचे बंधन नाही. ज्या भाषेत मनुष्य रडतो व आभार मानतो, ती तिच्यासाठी पुरेशी आहे.

प्रार्थनेचे प्रकार

कॅथलिक परंपरा प्रार्थनेचे तीन प्रमुख आविष्कार मानते. शाब्दिक प्रार्थना म्हणजे ठरलेल्या किंवा स्वतःच्या शब्दांत केलेली प्रार्थना. येशूने शिष्यांना शिकवलेली ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना आणि ‘नमो मारिया’ ही तिची परिचित उदाहरणे होत. मननात बुद्धी, कल्पनाशक्ती व भावना यांच्या साहाय्याने एखाद्या वचनाचा किंवा प्रसंगाचा विचार केला जातो. चिंतनमग्न प्रार्थनेत शब्द व विचार मागे पडतात आणि देवाच्या सान्निध्यात नुसते असणे उरते. या तिन्हींमध्ये शाब्दिक प्रार्थना कमी प्रतीची मानली जात नाही. अर्थाकडे लक्ष देऊन म्हटलेली एक लहान प्रार्थना, घाईने उरकलेल्या अनेक प्रार्थनांपेक्षा मोलाची ठरते. नाते गाढ होते ते शब्दांची संख्या वाढल्याने नव्हे, तर अवधान वाढल्याने.

प्रमुख पद्धती

जपमाळ: पाच दशकांची जपमाळ म्हणण्यास साधारणपणे पंधरा ते वीस मिनिटे लागतात. प्रत्येक दशकाबरोबर येशू व मरियामाता यांच्या जीवनातील एका रहस्याचे मनन करावयाचे असते. आनंदाची रहस्ये सोमवारी व शनिवारी, दुःखाची मंगळवारी व शुक्रवारी, गौरवाची बुधवारी व रविवारी आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये जोडलेली प्रकाशाची रहस्ये गुरुवारी घेतली जातात. ओठ एकच प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणत असताना मन प्रसंगावर स्थिर राहते, हे या साधनेचे तत्त्व आहे. मनन वगळल्यास ती केवळ मोजणी उरते. लोकलच्या गर्दीत उभ्यानेही बोटांवर किंवा दशकाच्या अंगठीवर ती म्हणता येते.

पवित्र वाचन: बाराव्या शतकातील कार्थुसियन मठाधिपती दुसरे गिगो यांनी या पद्धतीच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन. शुभवर्तमानातील किंवा स्तोत्रसंहितेतील लहानसा उतारा सावकाश वाचावा; जो शब्द मनाला लागेल तेथे थांबावे; त्याविषयी देवाशी बोलावे; आणि शेवटी काही न बोलता स्वस्थ बसावे. मिस्सेतील त्या दिवसाचे वाचन यासाठी निवडल्यास उतारा शोधत बसावे लागत नाही आणि एकांतातील प्रार्थना संपूर्ण ख्रिस्तसभेच्या उपासनेशी जोडली जाते.

दिनावलोकन: जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी ही पद्धत रूढ केली. दिवसाच्या शेवटी सुमारे दहा-पंधरा मिनिटे पाच टप्प्यांत ती केली जाते: मिळालेल्या गोष्टींबद्दल देवाचे आभार मानणे, स्वतःला स्पष्ट पाहता यावे यासाठी प्रकाश मागणे, दिवसाचे तास क्रमाने आठवणे, चुकांबद्दल क्षमा मागणे आणि उद्यासाठी एक निश्चय करणे. अपराधांची केवळ यादी करणे हा तिचा हेतू नाही. कचेरीतील एखादे बोलणे, घरी आल्यावर मुलावर निघालेला राग किंवा गाडीत कोणी दिलेली जागा, अशा सामान्य घटनांत देव कोठे होता आणि आपण कोठे होतो, हे पाहणे तिच्यात महत्त्वाचे असते.

आध्यात्मिक साधना: इग्नेशियस यांचा साधनाग्रंथ १५४८ मध्ये पोपच्या मान्यतेने प्रसिद्ध झाला. त्यातील पूर्ण साधना सुमारे तीस दिवसांची व चार ‘आठवड्यां’त विभागलेली आहे: पाप आणि देवाची दया, ख्रिस्ताचे जीवन, त्याचे दुःखसहन आणि पुनरुत्थान. ज्यांना कामधंदा सोडून एकांतात जाणे शक्य नाही, त्यांनी रोज दीड तास काढून ती घरीच करावी, अशी तरतूद ग्रंथाच्या एकोणिसाव्या सूचनेत आहे. प्रार्थना, प्रवचने व पापनिवेदन यांसाठी काही दिवस निवासी साधनेला जाण्याची प्रथाही या परिसरात रूढ आहे. कल्याण–मुरबाड मार्गावरील व्हिन्सेन्शियन धर्मगुरूंचा ताबोर आश्रम हे असे एक केंद्र होय.

संस्कार आणि समाज

‘देव आणि मी’ एवढ्यावर हे नाते थांबत नाही, हे कॅथलिक दृष्टीचे वैशिष्ट्य आहे. पवित्र मिस्सा हा ख्रिस्ती जीवनाचा उगम व कळस मानला जातो. मिस्सेत स्वीकारलेले ख्रिस्तशरीर ही ख्रिस्ताशी होणारी सर्वांत निकटची भेट होय. पवित्र संस्कारासमोर शांत बसून केलेली आराधना हा त्याच भेटीचा विस्तार आहे.

पापनिवेदन हा तुटलेले नाते सांधणारा संस्कार आहे. गंभीर पापांचे वर्षातून किमान एकदा निवेदन करावे, हा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेपासून चालत आला आहे. प्रत्यक्षात अनेकांना लाज, भीती किंवा पूर्वीचा कटू अनुभव यांमुळे वर्षानुवर्षे हा संस्कार टाळावासा वाटतो. धर्मगुरूवर निवेदनातील गोष्टी गुप्त राखण्याचे संपूर्ण बंधन असते, आणि आपल्या धर्मग्रामाबाहेरील धर्मगुरूकडेही निवेदन करता येते. दीर्घ खंडानंतर येणाऱ्याने सर्व काही नेमके आठवले पाहिजे असे नाही; प्रामाणिकपणे जेवढे आठवेल तेवढे सांगणे पुरेसे असते.

वसाहतींत शेजारची कुटुंबे एकमेकांच्या घरी जमून शास्त्रवाचन व प्रार्थना करतात. त्यांना लघु ख्रिस्ती समूह म्हणतात. आजारी शेजाऱ्याची विचारपूस, शोकग्रस्त घरी हजेरी आणि गरजूला मदत ही कामे याच समूहांतून होतात. प्रार्थनेची खरी परीक्षा भावनेच्या तीव्रतेत नसून वागणुकीत असते. मनुष्य अधिक सहनशील, सत्यप्रिय व दयाळू होत असेल, तर त्याची प्रार्थना योग्य मार्गावर आहे असे मानले जाते.

अडचणी

वेळेचा अभाव ही या परिसरातील सर्वांत मोठी अडचण आहे. कल्याणहून मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे अंतर ५० किलोमीटरहून अधिक असल्यामुळे नोकरदारांचे रोज दोन-तीन तास प्रवासात जातात. अशा वेळी दीर्घ साधनेचा संकल्प करून तो मोडण्यापेक्षा दहा मिनिटांची ठराविक वेळ पाळणे अधिक हितावह ठरते. सतराव्या शतकात पॅरिसमधील कार्मेल मठात स्वयंपाकघर सांभाळणारे ब्रदर लॉरेन्स यांनी भांड्याकुंड्यांच्या गोंगाटातही देवाच्या सान्निध्याची जाणीव ठेवता येते, हे स्वतःच्या आचरणातून दाखवले. मात्र दिवसभराचे हे स्मरण राखण्यासाठी काही क्षण तरी पूर्ण एकांताचे असावे लागतात.

दुसरी अडचण विक्षेपाची. मन भरकटल्याचे ध्यानात येताच स्वतःवर न चिडता ते पुन्हा प्रार्थनेकडे वळवणे, एवढाच उपाय परंपरा सांगते. लिझ्यूच्या संत तेरेझा (१८७३–१८९७) यांना प्रार्थनेच्या वेळी अनेकदा झोप लागत असे. आईबापांना झोपलेले मूलही जागत्या मुलाइतकेच प्रिय असते, अशा अर्थाचे समाधान त्यांनी आत्मचरित्रात व्यक्त केले आहे.

तिसरी व सर्वांत कठीण अडचण शुष्कतेची. प्रार्थनेत पूर्वी मिळणारे समाधान नाहीसे होते, देव दूर गेल्यासारखा वाटतो आणि आपली श्रद्धाच खोटी होती की काय, अशी शंका येते. कार्मेल संघातील संत क्रूसभक्त योहान (१५४२–१५९१) यांनी या अवस्थेला अंधारी रात्र म्हटले आणि ती शुद्धीकरणाची पायरी असू शकते असे दाखवले. कोलकात्याच्या संत मदर तेरेसा यांची पत्रे २००७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनी अनेक दशके अशा अंधाराचा अनुभव घेतल्याचे जगाला समजले. त्या काळातही त्यांची प्रार्थना व सेवा खंडित झाली नव्हती. नैराश्याच्या काळात पूर्वी शांत मनाने केलेला निश्चय बदलू नये, हा इग्नेशियस यांचा नियम येथे उपयोगी पडतो. मात्र सततची उदासी, निद्रानाश किंवा जगण्याचा कंटाळा ही आजाराची लक्षणेही असू शकतात. त्यांवर वैद्यकीय उपचार घेणे हे श्रद्धेच्या विरोधात नाही.

आध्यात्मिक मार्गदर्शन

या वाटेवर एखाद्या अनुभवी व्यक्तीचा सल्ला घेण्याची प्रथा जुनी आहे. मार्गदर्शक धर्मगुरू, धर्मभगिनी किंवा प्रशिक्षित प्रापंचिक असू शकतो. त्याने आज्ञा द्यावयाची नसते. समोरच्याच्या जीवनात देव काय करीत आहे, हे ओळखण्यास त्याने मदत करावयाची असते. विशेष दृष्टान्त, चमत्कार किंवा रोगमुक्तीची हमी देणाऱ्यांविषयी ख्रिस्तसभा सावधगिरीचा सल्ला देते. प्रार्थना ही देवाला आपल्या इच्छेकडे वळवण्याची युक्ती नसून आपली इच्छा त्याच्या हाती सोपवण्याची शाळा आहे, असे कॅथलिक आचार्यांचे एकमुखी सांगणे आहे. त्या शाळेत वय, शिक्षण किंवा भाषा यांची अट नाही. विहिरीवर रोज जाऊन एक पोहरा पाणी शेंदणाऱ्यालाही तिथे प्रवेश आहे.